नटणं, नखं, भुवया आणि वुजू : बायका पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

मोहल्ल्यातल्या बायकांच्या दर्समध्ये (धर्मशिक्षणाच्या बैठकीत) आणि नंतर फोनवर जे प्रश्न येत राहतात, ते इथे एका जागी ठेवले आहेत. लग्नसराई आणि रमजानच्या आधीचे पंधरा दिवस हा या प्रश्नांचा मोसम. मी मुफ्ती (फतवा देणारा धर्मपंडित) नाही. फिकहच्या (इस्लामी धर्मनियमांच्या) किताबांत काय आहे ते साध्या मराठीत सांगते. तुमचा मसला (धर्मनियमाचा प्रश्न) इथल्यापेक्षा वेगळा असेल तर आलिमाला किंवा मुफ्तींना विचारा.

एक गोष्ट आधी. कोकणी मुसलमानांचा मसलक (फिकहचा पंथ) शाफई, घाटावर आणि पुढे मराठवाडा-विदर्भात बहुतेक हनफी. त्यामुळे खेडची नवरी आणि परभणीची वहिनी एकाच आरशासमोर बसल्या की एकीला सांगितलेला मसला दुसरीला लागू पडेलच असं नाही. जिथे फरक आहे तिथे दोन्ही दिलं आहे.

१. मुळात बाईने नटणं इस्लामला मान्य आहे का?

हो. "अल्लाहने आपल्या बंद्यांसाठी निर्माण केलेली शोभा हराम कुणी केली?" असा उलट सवाल कुरआनमध्येच आहे (सूरह आराफ, ७:३२). सहीह मुस्लिम या संग्रहात हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे की एकाने विचारलं, माणसाला चांगले कपडे, चांगले जोडे आवडले तर तो घमेंडखोर ठरतो का? पैगंबर (स.) म्हणाले, अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडतं, घमेंड म्हणजे सत्य नाकारणं आणि लोकांना तुच्छ लेखणं.

तेव्हा सुरुवात 'चालतं' इथून होते. अडतं ते काही ठरावीक कारणांनी : वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) किंवा गुस्ल (पाक होण्याची पूर्ण आंघोळ) यांचं पाणी अडलं, अल्लाहने दिलेली ठेवण कायमची बदलली, समोरच्याची फसवणूक झाली, किंवा जे ज्याने बघायचं नाही ते त्याने बघितलं. पुढचा मसला वाचताना यातलं कुठलं कारण लागू आहे ते शोधलंत तर उत्तर पाठ करावं लागणार नाही.

२. टीव्हीवर 'भुवया कोरण्याविरुद्ध फतवा' अशी बातमी होती. मग हा कायदा झाला का?

नाही. फतवा म्हणजे कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाला मुफ्तीने दिलेलं उत्तर. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये देवबंदच्या दारुल इफ्ताने (मदरशाच्या फतवा विभागाने) भुवया कोरणं आणि केस कापणं याबद्दल असंच उत्तर दिलं होतं. बातम्यांत त्याचा हुकूम झाला. फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्येच स्पष्ट केलं आहे. मानणारीसाठी त्याचं वजन दीनचं (धर्माचं) आहे, ते वेगळं. त्या उत्तरात नवीन काही नव्हतं, हेही खरं. हनफी किताबांत हा मसला शेकडो वर्षांपासून आहे (प्रश्न ७ आणि ११).

३. नेलपॉलिश लावलेलं असताना वुजू होतो का?

होत नाही. वुजूमध्ये हात कोपरापर्यंत धुणं फर्ज म्हणजे सक्तीचं आहे (कुरआन ५:६), आणि नख हा हाताचाच भाग. नेलपॉलिशचा थर नखावर बसतो आणि पाणी खाली जात नाही. हजरत उमर (र.) यांच्याकडून आलेली हदीस आहे : एकाने वुजू केला, पण पायावर नखाएवढी जागा कोरडी राहिली. पैगंबरांनी (स.) त्याला परत जाऊन नीट वुजू करायला सांगितलं. नखाएवढ्या जागेचीच गोष्ट आहे, आणखी काय पुरावा हवा! यात हनफी-शाफई फरक नाही.

याला जोडून येणारे प्रश्नही इथेच निपटते. वुजू करून मग नेलपॉलिश लावली तर तो वुजू तुटेपर्यंत नमाज होते. पुढच्या वुजूआधी काढावी लागेल. पाळीच्या दिवसांत नमाज नसते, तेव्हा खुशाल लावा, फक्त पाक होण्याच्या गुस्लआधी काढा. "मोज्यांवर मसह (ओला हात फिरवणं) चालतो, मग नखांवर का नाही?" हा प्रश्न कॉलेजच्या मुली हमखास विचारतात. चामड्याच्या मोज्यांची सवलत हदीसमध्ये पायांसाठी आली आहे, तीही मुदत आणि अटींसह. ती आपल्या मर्जीने बोटांवर आणता येत नाही.

सगळ्यात जड प्रश्न हा, की "मी दोन वर्षं तशीच नमाज पढले, आता काय?" वुजूच झाला नव्हता, म्हणून त्या नमाजा कझा (राहून गेलेल्या) धरून पढायच्या. नक्की आकडा कुणालाच आठवत नाही. मनाची खात्री पटेल असा अंदाज करा आणि रोज थोड्याथोड्या फेडा. घाबरून नमाजच सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. तसं करू नका.

४. मग 'हलाल' नेलपॉलिश? त्यातून पाणी जातं म्हणतात.

साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी पोलंडच्या इंग्लॉट कंपनीच्या ओटूएम नेलपॉलिशची मुसलमान बायकांत चर्चा झाली, तेव्हापासून अशा बाटल्या बाजारात आहेत. अडचण अशी की थरातून हवा किंवा वाफ जाणं वेगळं आणि वुजूच्या एक-दोन मिनिटांत पाणी नखाला लागणं वेगळं. बाटलीवरचं लेबल बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीबद्दल बोलतं. काही उलेमांनी चाचणी बघून परवानगी दिली आहे, बरेच जण देत नाहीत. त्यात आपण एकावर दुसरा, वर चमक यावी म्हणून तिसरा हात मारतो. चाचणी असते ती बहुधा एका पातळ थराची. मी तरी यावर नमाज टेकवणार नाही.

५. मेंदीचं काय? तोही थरच नाही का?

मेंदीचा रंग कातडीत उतरतो, वर थर उरत नाही. वाळलेला लगदा धुऊन टाकला की वुजू, गुस्ल सगळं होतं. मेंदीला तर आपल्याकडे सुन्नतचा (पैगंबरांच्या शिकवणीचा) मान आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहातली हदीस सांगतात की पडद्याआडून एका बाईने चिठ्ठी पुढे केली, तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले, बाई असतीस तर नखं मेंदीने रंगवली असतीस. या हदीसची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) काही मुहद्दिसांनी (हदीसच्या जाणकारांनी) कमजोर म्हटली आहे, पण बायकांच्या मेंदीला त्यामुळे बाध येत नाही. नवरदेवाने मात्र हौसेखातर हाताला मेंदी लावू नये. दोन्ही मसलकांत ती बायकांची शोभा आहे. औषध म्हणून लावणं वेगळं.

झटपट रंगणारे कोन जपून घ्या. काहींचा रंग दोन दिवसांनी पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणजे वर पडदा बसलेला होता. तसा पडदा असेल तर मसला नेलपॉलिशचाच (प्रश्न ३). आणि 'काळी मेंदी' म्हणून विकतात त्यात अनेकदा पीपीडी हे केसांच्या डायमधलं रसायन असतं. त्याने हातावर फोड येऊन डाग राहिलेल्या नवऱ्या असतात. शरीराला इजा करून घेणं हाही दीनचाच मसला आहे.

६. लग्नात चार तास मेकअप चालतो. मगरिब-इशाच्या (संध्याकाळच्या आणि रात्रीच्या) नमाजेचं काय? तयम्मुम चालेल का?

तयम्मुम (पाण्याऐवजी मातीने पाक होणं) पाणी नसताना किंवा पाण्याने आजार वाढत असेल तेव्हा. पार्लरचं बिल ही सबब नाही. वुजू करूनच खुर्चीत बसा आणि तो सांभाळा; पावडर, काजळ, लिपस्टिक लावल्याने वुजू तुटत नाही. तुटलाच, तर पाणी अडवणारा थर (वॉटरप्रूफ मस्कारा, जाड फाउंडेशन, चिकटवलेल्या पापण्या) काढून वुजू करावा लागेल. नुसता रंग उरला तर हरकत नाही. पार्लरवालीला आधीच सांगून ठेवलं की मगरिबनंतर चेहरा करायचा, तर निम्मी अडचण मिटते. वऱ्हाड तसंही उशिराच येतं.

७. भुवया करणं हराम आहे का? प्रत्येक जण वेगळं सांगतं.

कारण मतं खरंच वेगळी आहेत. मूळ हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अब्दुल्लाह इब्न मसऊद (र.) सांगतात की गोंदणाऱ्या आणि गोंदवून घेणाऱ्या, चेहऱ्याचे केस उपटवणाऱ्या, सौंदर्यासाठी दातांत फटी करून घेणाऱ्या, अल्लाहची निर्मिती बदलणाऱ्या बायकांवर लानत (शाप) आहे. बनू असद कबिल्यातल्या उम्मे याकूब नावाच्या बाईने हे ऐकलं आणि थेट त्यांच्याकडे जाऊन भांडली : मी कुरआन या पुठ्ठ्यापासून त्या पुठ्ठ्यापर्यंत वाचलं, मला हे कुठे दिसलं नाही. इब्न मसऊद म्हणाले, 'रसूल देतील ते घ्या, ज्याला मना करतील ते सोडा' (५९:७) हे वाचलं नाहीस? तरी ती हटेना. तुमच्याच घरात तुमची बायको हे करत असेल, म्हणाली. ते म्हणाले, आत जाऊन बघ. ती गेली, बघितलं, काही सापडलं नाही. आमच्या दर्समध्ये ही हदीस सांगितली की बायका हसतात, आणि मग प्रश्न विचारायला धजतात. विचारणं गुस्ताखी नाही, हे उम्मे याकूबनेच शिकवून ठेवलं आहे.

आता अर्थ. अबू दाऊद यांनी खुलासा केला आहे की यातली 'नामिसा' म्हणजे भुवया कोरून बारीक करणारी. इमाम नववी या शाफई इमामांनी भुवया उपटणं हराम म्हटलं. नंतरच्या शाफई किताबांत नवऱ्याच्या परवानगीने सूट आढळते. हनफी फकीह (फिकहचे जाणकार) इब्न आबिदीन म्हणतात, मनाई बहुधा परक्यांसाठी नटण्याला आहे. चेहऱ्यावरच्या केसांमुळे नवऱ्याचं मन उठत असेल तर ते काढणं हराम ठरवणं दूरची गोष्ट. हंबलींमध्ये (हाही एक मसलक) उपटणं आणि वस्तऱ्याने काढणं यात फरक करणारेही आहेत. हजरत आयशा (र.) यांना एका बाईने नवऱ्यासाठी चेहऱ्याचे केस काढण्याबद्दल विचारलं, तेव्हा त्रासदायक असेल ते जमेल तसं दूर कर, असं त्या म्हणाल्याची रिवायतही (सांगत आलेली हकीकतही) सांगितली जाते.

आपल्याकडचे हनफी मुफ्ती साधारण असं सांगतात : फॅशन म्हणून भुवयांची कमान बारीक करणं नाजायज, पण भुवया इतक्या दाट की चेहरा विद्रूप वाटतो, तर नेहमीसारख्या दिसतील इतपत छाटणं जायज. दोन भुवयांच्या मधले केस काढायला बरेच मुफ्ती परवानगी देतात.

'नवऱ्याची परवानगी' म्हटलं की अविवाहित मुली चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला कळतं. त्या फकीहांच्या डोळ्यांसमोर नटणं म्हणजे घरात नवऱ्यासमोर नटणं होतं, हे लक्षात घेतलं तर अट कुठून आली ते समजतं. पण दर महिन्याला थ्रेडिंग करणाऱ्या मुलीला 'तुझ्यावर लानत आहे' असं चारचौघांत सुनावणाऱ्या चाचींनी एवढा तरी विचार करावा, की ज्या मसल्यात इमामांनी इतकी सवड शोधली, तिथे आपण दगड का उचलतो?

८. मला पीसीओएस आहे. हनुवटीवर, ओठावर जाड केस येतात. काढू का?

काढा, निःशंक. बाईला दाढी-मिशी आली तर ती काढणं नुसतं जायज नाही, मुस्तहब (केलेलं चांगलं) आहे, असं इब्न आबिदीन (हनफी) आणि नववी (शाफई) दोघेही लिहितात. याविरुद्ध मत इमाम तबरींचं होतं, पण या दोन्ही मसलकांत त्यानुसार फतवा दिला जात नाही. थ्रेडिंग, वॅक्स, लेझर, काहीही चालेल. आणि डॉक्टरकडे जा. हा हार्मोनचा आजार आहे, धाग्याने बरा होत नाही.

९. फुल बॉडी वॅक्सिंग पार्लरमध्ये करून घेतलं तर?

हातापायांचे केस काढायला हरकत नाही. अडतं ते सतरपाशी (अंगाच्या झाकायच्या भागापाशी). एका बाईचं दुसऱ्या बाईसमोरचं सतर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत आहे, दोन्ही मसलकांत. तेवढा भाग स्वतः घरी करायचा. काखेतले आणि बेंबीखालचे केस काढणं तर सुन्नत आहे. चाळीस दिवसांपेक्षा जास्त टाळू नये, असं सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये आहे. नखांनाही तीच मुदत, तेव्हा लांब नखं वाढवणाऱ्यांनी हिशेब ठेवावा.

१०. पार्लरवाली मुसलमान नसेल तर तिच्यासमोर केस उघडे करता येतात का?

कुरआनच्या आयतमध्ये (वचनात) शोभा कुणासमोर उघडी करता येते त्या यादीत 'आपल्या बायका' असा शब्द आहे (२४:३१). त्यातून काही फकीहांनी अर्थ काढला की 'आपल्या' म्हणजे मुसलमान. शाफई किताबांतलं प्रबळ मत असं की गैरमुस्लिम बाईसमोर घरकामात जेवढं उघडं राहतं तेवढं चालतं : डोकं, चेहरा, हात, पाय. म्हणजे केस कापणं, थ्रेडिंग यात बसतं. हनफींत कडक मतही आहे, पण ज्या गावात एकच पार्लर आहे तिथे मुफ्ती सवड देतात. पार्लरमध्ये कॅमेरा आणि पुरुष कारागीर नाही ना, हे मात्र आधी बघा. तिच्या धर्मापेक्षा धोका तिथे जास्त.

११. केस कापणं?

'दुर्रे मुख्तार' या हनफी किताबात केस कापणाऱ्या बाईला गुन्हेगार म्हटलं आहे. कारण दिलं आहे पुरुषांसारखं दिसण्याचं. सहीह मुस्लिममध्ये रिवायत आहे की पैगंबरांच्या (स.) बीबी केस कानापर्यंत कमी करत, आणि नववींनी त्यावरून बायकांना केस हलके करायची परवानगी काढली. फाटलेली टोकं छाटायला हनफीही मना करत नाहीत. मुंडण मात्र आजाराशिवाय नाही. हजमध्येसुद्धा बाई बोटाच्या पेराएवढेच केस कापते.

१२. केस विरळ आहेत. गंगावन, विग, एक्स्टेंशन चालेल का?

माणसाचे केस असतील तर नाही, दोन्ही मसलकांत. हजरत अस्मा (र.) यांची रिवायत आहे की एका आईने येऊन सांगितलं, मुलीचं लग्न आहे आणि आजारात तिचे केस गळाले, जोडू का? तरीही मनाईच झाली. तिरुपतीला वाहिलेल्या केसांचे लिलाव होतात आणि बाजारातल्या विगमध्ये ते जातात, म्हणून बायका विचारतात की देवळातले केस म्हणून हराम का? नाही, कारण ते नाही. माणसाच्या शरीराचा भाग विकायची-वापरायची वस्तू नाही, ही हनफी फकीहांची दलील. केस कुठलेही असोत.

लोकर, रेशीम, नायलॉनचे केस हनफींत चालतात. शाफईंत दिसायला केसांसारखे असतील तर विवाहितेला नवऱ्याच्या परवानगीने, अविवाहितेला नाही. केसांसारखा न दिसणारा गोंडा कुणालाही चालतो. मुलगी बघायला येणार म्हणून लावाल तर ती फसवणूक, मग धागा असो की केस. चिकटवलेल्या एक्स्टेंशनने गुस्लमध्ये मुळांना पाणी पोचत नसेल तर वेगळा घोटाळा. नुसती घट्ट वेणी असेल तर ती सोडायची गरज नाही, मुळं भिजली पाहिजेत, उम्मे सलमा (र.) यांना हेच उत्तर मिळालं होतं.

१३. पांढरे केस काळे करू का?

मक्का फतहच्या (जिंकल्याच्या) दिवशी हजरत अबू बकर (र.) यांच्या वडिलांना आणलं, डोकं पांढरंशुभ्र. पैगंबर (स.) म्हणाले, हे बदला, पण काळा टाळा. त्यामुळे मेंदी, तपकिरी, लालसर सगळं चालतं. गडद काळा शाफईंत हराम, हनफींत बहुतेकांच्या मते मकरूह (नापसंत). इमाम अबू यूसुफ यांनी जोडीदारासाठी परवानगी दिली आहे. गडद तपकिरी घ्या, वाद मिटतो.

१४. नाक टोचणं, नथ?

कान टोचणं निर्विवाद. ईदच्या दिवशी बायकांनी कानातली काढून हजरत बिलाल (र.) यांच्या कपड्यात सदका (दान) म्हणून टाकली, ही बुखारीतली हदीस आहे. नाकाबद्दल इब्न आबिदीन म्हणतात, जिथे तो बायकांचा दागिना आहे तिथे कानासारखंच. जुने शाफई फकीह नाराज होते, कारण त्यांच्या मुलखात ती शोभा गणली जात नव्हती. महाराष्ट्रात नथ शोभा आहे की नाही, हे कुणाला सांगायला नको. वुजू-गुस्लमध्ये चमकी हलवून भोकात पाणी जाऊ द्या.

१५. लहानपणी हातावर गोंदलं होतं. माझी नमाज होते ना?

होते. गोंदणं हराम आहे (प्रश्न ७ मधली हदीस), पण नकळत्या वयात आईने गोंदवलं त्याचा गुन्हा तुमच्यावर नाही. रंग कातडीच्या आत आहे, पाणी वरून पोचतं. शाफई किताबांत ती जागा नापाक मानली आहे आणि इजा न होता निघत असेल तर काढा म्हटलं आहे. इजेची भीती असेल तर तसंच राहू द्या, तौबा पुरे. भुवयांचं 'मायक्रोब्लेडिंग' म्हणजे सुईने कातडीत रंग भरणंच. नाव बदललं तरी गोंदणच ते.

१६. दातांना तारा, नाकाची सर्जरी?

अरफजा (र.) या सहाबींचं (पैगंबरांच्या सोबत्याचं) नाक लढाईत कापलं गेलं. चांदीचं बसवलं, त्याला वास येऊ लागला, तेव्हा पैगंबरांनी (स.) सोन्याचं बसवायला सांगितलं. पुरुषाला सोनं मना असताना! यावरून व्यंग, भाजणं, अपघात, दुभंगलेला ओठ, वाकडे दात यांवरचे उपचार जायज. २००७ मध्ये मलेशियातल्या पुत्राजाया इथे आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीनेही हीच रेघ ओढली : दोष दूर करणं जायज, चांगल्या नाकाला नुसतं दुसऱ्या कुणासारखं करणं नाही.

१७. अत्तर लावून बाहेर जाऊ नये, हे खरं का?

परक्यांना वास जावा म्हणून लावून निघणं, आणि मशिदीत जाताना लावणं, दोन्हींबद्दल स्पष्ट हदीस आहेत. घरात, बायकांत, नवऱ्यासाठी मोकळीक. घामाचा वास मारणारं डिओ या वर्गात बसत नाही, असं माझं मत.

१८. काळी पोत आणि टिकली?

काळी पोत दागिना म्हणून चालते. ती तुटली म्हणून नवऱ्याच्या जिवाला धोका, हा समज मात्र सोडा. कुंकू-टिकली दुसऱ्या धर्माची खूण म्हणून उलेमा मना करतात.

१९. नवरा वारला. इद्दतमध्ये तेलसुद्धा लावायचं नाही का?

चार महिने दहा दिवस (२:२३४), गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत, शोभा टाळायची : सुरमा, मेंदी, अत्तर, भडक कपडे, दागिने. आंघोळ, साबण, केस विंचरणं याला मनाई नाही. डोकं दुखत असेल तर बिनवासाचं तेलही लावा. बांगड्या फोडणं दीनमध्ये नाही, काढून ठेवा. इद्दत संपली की सगळं पुन्हा जायज, दुसरा निकाहसुद्धा. बाप-भावासाठी शोक तीनच दिवस. अबू सुफियान वारल्यावर त्यांची मुलगी उम्मे हबीबा (र.) यांनी मुद्दाम सुगंध मागवून लावला आणि म्हणाल्या, मला याची गरज नव्हती, पण तीन दिवसांहून जास्त शोक नवऱ्याशिवाय कुणाचा नाही, हे मी पैगंबरांकडून ऐकलं आहे.

२०. रोज अंगावर असलेल्या दागिन्यांवर जकात (सक्तीचं धर्मदान)?

हनफींत आहे, साडेसात तोळे सोन्यापासून. इथे सगळ्या चुकतात : सराफाचा तोळा १० ग्रॅमचा, निसाबचा (जकात लागू होण्याच्या मर्यादेचा) जुना ११.६६ ग्रॅमचा, म्हणून हिशेब ८७.४८ ग्रॅमवर. सोबत रोकड किंवा चांदी असेल तर हिशेब बदलतो, विचारून घ्या. शाफईंत रिवाजाइतक्या, वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही.

२१. मयताच्या नखांवर नेलपॉलिश असेल तर?

हा प्रश्न एकदाच, रात्री अडीच वाजता आला होता. रिमूव्हरने हलक्या हाताने पुसून मग गुस्ल द्या. चिकटवलेली नखं सहज निघत नसतील तर ओढाताण करू नका, मयतला इजा द्यायची नाही. तसंच पाणी घाला. हनफींत मयताची नखं कापत नाहीत, केस विंचरत नाहीत. केसांचे दोन भाग करून छातीवर ठेवतात. शाफई घरांत उम्मे अतिय्या (र.) यांची रीत चालते : पैगंबरांच्या (स.) मुलीला गुस्ल देताना त्यांनी केस विंचरले, तीन वेण्या घातल्या आणि पाठीमागे सोडल्या.